निळ्या कोटातलं जनावर

दि. ५, गुरुवार

ही वही नातीने दिली. उजव्या पानावर तिच्या कामाचं लिहायचं, डावं पान माझं. चौथीपर्यंत शाळा आणि पुढे पन्नास वर्षं मापं, एवढंच माझं लिहिणं. पण इथे फोन लागत नाही, शेजारीण नाही, कोणाला नावं ठेवायची म्हटली तर कागदावरच ठेवावी लागतात.

नात सिनेमा काढते आहे. भुताखेताचा. मोठे लोक कोणी पाठीशी नाहीत, ही आणि हिची चार टाळकी. शेवटच्या गावापासून गाडीने सहा तास, मग अर्धा तास वनखात्याच्या गाडीने. वनखात्याची एक लाकडी चौकी आहे, दोन खोल्यांची. तिथेच राहायचं, तिथेच सिनेमा. परवानगी सोळा तारखेच्या सूर्यास्तापर्यंत. वनरक्षक सांगून गेला की सतराला सकाळी इथे एक टाचणीसुद्धा दिसता कामा नये. मी म्हटलं, टाचण्या माझ्या आहेत, मोजून आणल्यात.

मला आणलं ते जनावर उसवलं तर शिवायला. जनावर मीच शिवलंय. घरी दोन महिने गेले. तागाचं कापड, गादीतला काथ्या आणि कुठल्याशा नाटकवाल्यांनी टाकून दिलेल्या टोपांचे केस. त्याला तोंड नाही. तोंडाच्या जागी कातडीच्या चुण्या आहेत, तेरा. नात म्हणाली होती, "आजी, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत तोंड आहे पण कोणीतरी शिवून टाकलंय." म्हटलं, मग तसं सांग ना, शिवून टाकते.

गोष्ट अशी. जंगलातल्या घरात एक मुलगी आणि तिची आजी. मुलीची आई जंगलात हरवलेली. जंगलात हे जनावर. ते हरवलेल्या माणसाचे कपडे घालतं आणि संध्याकाळी त्या माणसाच्या घरी जाऊन दार वाजवतं. दार उघडलं की संपलं.

मी विचारलं, "ते खातं काय?"

"काही नाही खात."

"मग दार कशाला वाजवतं?"

"आत यायला."

"आत येऊन करतं काय?"

"आजी, झोप."

दि. ६, शुक्रवार

जनावराच्या आत जो माणूस घातलाय तो शाळेत कवायत शिकवतो. सव्वासहा फूट. त्याला सगळे उंट म्हणतात आणि तो ओ देतो. आज दोन तास झाडांत उभा होता. बाहेर काढला तेव्हा पिळून वाळत घालावा असा झाला होता.

"आजी, आत श्वास घ्यायला भोक ठेवलंच नाही तुम्ही."

"भूत आहेस ना? कशाला पाहिजे श्वास?"

मग काखेत दोन भोकं करून दिली. काखेत कोण बघतंय.

दि. ८, रविवार

काम समजलं. सिनेमा उलटसुलट काढतात. शेवट आधी, मधलं नंतर. त्यामुळे काल मुलीचं वरचं बटण उघडं होतं की बंद, कपात चहा किती होता, हे कोणीतरी टिपून ठेवावं लागतं. जी मुलगी टिपणार होती तिला गाडी लागली, ती गावातूनच परत गेली. नात म्हणाली, "आजी, तुझ्या नजरेतून धागा सुटत नाही, तूच लिही." म्हणून ही वही.

दुसरं एक शिकले. हे लोक दिवसाची रात्र करतात. खिडक्यांना काळे पडदे ठोकतात, कॅमेऱ्यापुढे निळी काच धरतात, आणि भर अकरा वाजता सगळे घाबरून हळू आवाजात बोलू लागतात. मी एकदा पडदा सरकवून ऊन आत घेतलं तर कॅमेरावाला जवळजवळ रडला.

हा कॅमेरावाला नातीबरोबर तीन वर्षं राहतो. जावई म्हणायचं की नाही ते दोघांनी अजून ठरवलेलं नाही, म्हणून मी त्याला "अहो कॅमेरा" म्हणते. माणूस बरा आहे. भांडी घासतो.

सिनेमातली आजी करायला एक नटीबाई आल्यात. माझ्याच वयाच्या, पण केस काळे. सिनेमासाठी ते पांढरे करतात आणि संध्याकाळी त्या धुऊन परत काळे. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पण काम करता?" म्हटलं, "हो, मीच करते. बाकीचे सिनेमा काढतात."

दि. ९, सोमवार

नात सकाळी माझ्या मशीनपाशी येऊन बसली. हाताची मशीन आहे, पाटीवर ठेवून चालवते.

"आजी, एक कोट पाहिजे. जनावर घालतं तो. आईचा."

"आधी नाही सांगितलंस?"

"आधी साडेसाती होती डोक्यात. आधी वाटलं नुसता स्वेटर चालेल. आता वाटतं, कोटच."

"कसा?"

"निळा. लांब. मोठी काळी बटणं. उजव्या खिशाचा कोपरा फाटून लोंबतोय."

तिच्याकडे निळं जाड कापड होतं, पडद्यासाठी आणलेलं. चित्र काही दिलं नाही तिने. मी मागितलंही नाही. खडू घेतला आणि बेतायला बसले. जेवायच्या आत बेतून झाला. रात्री झोपेपर्यंत काज सोडून सगळं.

दि. १०, मंगळवार

कोट उंटाला होत नाही.

नुसता घट्ट वगैरे नाही. त्याचा एक हात कसाबसा मुंढ्यातून गेला आणि दुसरा जाईना. खांद्यात सहा-सात इंच कमी. सगळे हसले. उंट म्हणाला, "आजी, हा माझ्या बायकोलापण होणार नाही."

पन्नास वर्षांत मी माप चुकले नाही. या माणसाचं सगळं अंग मीच मापलंय, त्याचं जनावर मी शिवलंय, त्याची मापं याच पेटीत कागदावर आहेत. कागद काढलाच नव्हता. हात आपला चालत गेला.

नातीने कोट उचलला आणि स्वतः घालून बघितला. तिला बसला. खांदा, छाती, उंची, सगळं. फक्त डावी बाही जरा आखूड. तिने दोन्ही हात पुढे करून बघितले.

"ही बाही का आखूड?"

"चुकलं असेल."

"तुझं?"

मी म्हटलं उसवून परत करते, कापड आहे अजून. ती म्हणाली, "नको. हात लावू नको त्याला."

मग तिच्या सांगण्यावरून कोट फक्त पाठीतून उभा कापला, नाड्या लावल्या, उंटाला पुढून चढवला. कॅमेरा पुढूनच बघणार. बाही आखूड ती आखूडच.

दि. ११, बुधवार

नात माझ्याशी बोलत नाही असं नाही. "आजी, चहा घे", "आजी, बटण लिहिलंस का", एवढं बोलते. पण बोलताना हातांकडे बघते, माझ्या.

हे डावं पान आहे आणि ते कोणी वाचत नाही, म्हणून लिहून टाकते.

माप माझ्या लेकीचं आहे. हिच्या आईचं. लहानपणी जिन्यावरून पडली, डावा हात मोडला, तो नीट जुळला नाही, अर्धा इंच आखूड राहिला. तिचा प्रत्येक कपडा मी तसाच शिवला, ती घर सोडून गेली तोपर्यंत. गेली तेव्हा ही पाच वर्षांची. एक चिठ्ठी नाही, काही नाही. बाप आधीच गेलेला.

पण मला वेगळंच खटकतंय. जाताना लेकीच्या अंगावर पिवळा स्वेटर होता. निळा कोट तिच्याकडे नव्हताच. निळा कोट दोन वर्षांनी दिसला, एकदाच, एका संध्याकाळी, दाराच्या फटीतून. आणि तेव्हा ही झोपली होती. मी स्वतः पांघरूण घालून आले होते.

लोंबणारा खिसा माझ्या लक्षात होता. हिला कुठून कळला?

दि. १३, शुक्रवार

दोन दिवस शेवटच्या प्रसंगात अडकलोय. प्रसंग साधा. संध्याकाळ. जनावर आईचा कोट घालून दार वाजवतं, आईच्या आवाजात हाक मारतं. आजी दाराला आतून कडी लावून उभी. दार उघडत नाही. बस. जनावर निघून जातं.

नटीबाईंनी विचारलं, "मी दाराआड करू काय? रडू?"

"रडून बघा," नात म्हणाली.

रडल्या. छान रडल्या, माझा रुमाल मागितला. नात म्हणाली, "नाही."

मग हात जोडून पुटपुटल्या. नाही. मग दाराला पाठ लावून हळूहळू खाली बसल्या. कॅमेरावाला म्हणाला, "हे मस्त." नात म्हणाली, "खोटं आहे."

"मग खरं काय ते सांगा की!" नटीबाई चिडल्या. त्यांचं चुकलं नाही. "ही म्हातारी दाराआड काय करते?"

"मला माहीत नाही," नात म्हणाली. "तेच मला माहीत नाही. हा शॉट नाही तर सिनेमा नाही, आणि मला माहीत नाही."

आणि बाहेर जाऊन लाकडांच्या ढिगावर बसली.

मी उजव्या पानावर लिहिलं: नऊ टेक, एकही चालला नाही. केस डावीकडून सुटलेले.

दि. १५, रविवार

काल नटीबाईंची पाठ धरली. खाली बसायचा शॉट परत परत केला तर काय होणार. आज वनरक्षकाच्या गाडीतून त्यांना पाठवलं. जाताना मला म्हणाल्या, "तुमची नात हुशार आहे, पण तिला काय पाहिजे ते तिला माहीत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे. मिळत नाही, एवढंच."

त्यांची गाडी वळली आणि नात माझ्याकडे वळली.

"आजी, उद्या तू उभी राहा."

"मी नटी नाही."

"तोंड दिसणार नाही. मागून घेते. खांदा, हात, कडी. त्यांचा झगा तुला होईल."

"दुसरं कोणी बघ."

"इथे दुसरं कोण आहे? उंटाला उभा करू?"

उंट म्हणाला, "मी करीन, पण मग बाहेर कोण?"

कोणी हसलं नाही. मी म्हटलं नाही म्हणजे नाही, आणि कांदे चिरायला घेतले. नात तिथेच उभी राहिली. म्हणाली, "उद्या शेवटचा दिवस आहे. तीन वर्षं मी याच्यावर घालवली. तू नाही म्हणालीस तर सिनेमा नाही. मी तुझ्यावर रागवणार नाही. पण कारण सांग."

कारण सांगण्यापेक्षा उभं राहणं सोपं वाटलं. हो म्हटलं.

दि. १६, सोमवार

तीन वाजता खिडक्या काळ्या केल्या. मला झगा घातला, कमरेत टाचणीने घेतला. कॅमेरा माझ्या पाठीमागे चार हातांवर. नात कॅमेऱ्याला डोळा लावून. आवाज पकडणारी मुलगी कोपऱ्यात कानावर डबे लावून. उंट बाहेर ओट्यावर, अंगावर जनावर, त्यावर कोट.

नात म्हणाली, "आजी, तो दार वाजवेल, दोनदा हाक मारेल. तू काही करू नको. नुसती उभी राहा. दार उघडायचं नाही, एवढंच लक्षात ठेव."

"एवढं कळतं मला."

दार वाजलं. तीनदा, सावकाश. मी कडीवर हात ठेवला. मग बाहेरून हाक आली, "आई." उंटाचा घोगरा आवाज, नंतर तो बदलणार आहेत. "आई." मग गप्प.

कडी मी काढली. लिहून ठेवते, कारण उजव्या पानावर याला जागा नाही. कोणी सांगितलं नव्हतं, मला चक्कर आली नव्हती, मला सगळं समजत होतं. कडी काढली, दार उघडलं आणि म्हटलं, "किती वेळ उभी राहणार? ये आत."

उंट चुण्यांच्या आतून म्हणाला, "आजी, उघडायचं नाहीये."

मागे कोणी हललं नाही. मग नातीचा आवाज आला, "सगळे बाहेर जा. चहा प्या." कॅमेरावाला म्हणाला, "उजेड जाईल, एक तास आहे." ती म्हणाली, "बाहेर."

दार लावून घेतलं तिने. काळ्या पडद्यांमुळे तोंड नीट दिसत नव्हतं, ते बरं झालं.

"ती होती ना?" तिने विचारलं.

"होती."

"मी खिडकीतून बघितलं होतं. पायरीवर उभी होती. मी तुला सकाळी विचारलं, आई आली होती का. तू म्हणालीस, ती तुझी आई नव्हती, आईसारखी दिसणारी कोणीतरी होती."

"म्हणाले."

"सात वर्षांच्या मुलीला?"

"दुसरं काय सांगणार होते?"

"आईसारखं दिसणारं कोणीतरी आपल्या दाराशी येतं, आजी. मी चौदा वर्षांची होईपर्यंत दिवा लावून झोपले. तू बिलावरून बोलायचीस."

हे मला माहीत नव्हतं. बिल माहीत होतं.

"घेऊन गेली असती तुला," मी म्हटलं. "दोन वर्षं पत्ता नाही आणि एक दिवस येऊन दार वाजवते. कुठे राहते, कोणाबरोबर, काही माहीत नाही. तुला नेलं असतं आणि परत टाकून गेली असती."

"कदाचित."

"कदाचित," मी म्हटलं. "तेव्हा कदाचित नव्हतं वाटत."

"नंतर कुठे गेली?"

"माहीत नाही. शोधलं नाही मी. हे खरं सांगते."

मला वाटलं आता ओरडेल, आता रडेल. दोन्हीची तयारी होती. ती कॅमेऱ्यापाशी गेली आणि त्याचं काहीतरी पिळून घट्ट केलं.

"काय करत होतीस तू? दाराआड?"

"काही नाही. कडीवर हात ठेवून उभी होते."

"रडत होतीस?"

"नाही."

"काही म्हणालीस?"

"नाही. ती दोनदा आई म्हणाली. मी ओ दिली नाही."

"किती वेळ?"

"आता कशाला?"

"मला शॉट किती लांब ठेवायचा ते कळलं पाहिजे."

असं म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. माझीच नात आहे.

"अकरा मिनिटं," मी म्हटलं. "समोर घड्याळ होतं."

तिने दार उघडून सगळ्यांना हाक मारली. उंटाला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं. मग म्हणाली, "परत. दार बंद. अकरा मिनिटं. कोणी खोकायचं नाही." कॅमेरावाला म्हणाला, "अकरा मिनिटं कोण बघणार?" तिने त्याच्याकडे बघितलं आणि तो खाली वाकून बसला.

"आजी, जमेल ना?"

"एकदा केलंय."

दार वाजलं. दोन हाका आल्या. मी उभी राहिले. दाराखालच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती आणि तिच्यात दोन पायांच्या सावल्या. त्या वेळी मी खाली बघितलं नव्हतं, घड्याळाकडे बघत होते. इथे घड्याळ नव्हतं. पाय दिसत होते. मध्येच एका पायावरचा भार दुसऱ्यावर गेला. मग परत पहिल्यावर. उभं राहून कंटाळलेलं माणूस करतं तसं. मग पाय वळले आणि ओट्याच्या फळ्या वाजल्या, एक, दोन, तीन, आणि रेघ मोकळी झाली.

नात काही म्हणाली नाही. मी उभी राहिले. संपलं की सांगते म्हणाली होती. माझी बोटं कडीवर आखडली होती, गुडघा दुखत होता. मागे कोणाचाच आवाज नाही. फटीतला उजेड पिवळा होत गेला.

मग ती म्हणाली, "कट." हळू म्हणाली.

पडदे काढले. बाहेर सूर्य झाडांना टेकला होता आणि वनरक्षक कुंपणापाशी येऊन उभा होता. उंट गवतावर जनावराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी कडी सोडली, बोटं एकेक करून सोडवली.

"अकरा म्हणाले होते मी," तिला म्हटलं. "जास्त झाली."

"सोळा झाली."

"मग थांबवलं का नाहीस?"

"ती गेल्यावर तू दार उघडतेस का ते बघत होते."

मी झग्याच्या कमरेतली टाचणी काढली.

"तेव्हा उघडलंस?"

"सकाळी," मी म्हटलं. "दूध घ्यायचं होतं."

तिने मान हलवली. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी होती, तिच्यावर पेनाने आकडा लिहिला आणि कॅमेरावाल्याला म्हणाली, "यातलं काही कापायचं नाही. सोळाच ठेवायची."